"हे सगळं बांधलं कुणी?"

(मंचाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर. बैठकीला येऊ न शकलेल्या सभासदांसाठी देत आहोत.)



आजचा विषय "कतारमधील पर्यटन" असा जाहीर झाला आहे. सूक वाकिफ, इस्लामी कलेचे म्युझियम, वाळवंटातली सफर हे आपण गावाकडून आलेल्या पाहुण्यांना दाखवतच असतो. मी आज या पर्यटनाच्या परसदाराबद्दल बोलणार आहे.

माझ्या परिचयाचे एक गाईड आहेत, मूळचे कोकणातले. चार-सहा जणांचा गट घेऊन शहर आणि वाळवंट दाखवतात. नोव्हेंबर ते मार्च हा त्यांचा हंगाम. त्याची तयारी सप्टेंबरात सुरू होते आणि ती होते इंडस्ट्रियल एरियात. सलवा रोडच्या बाजूच्या त्या नंबरांच्या गल्ल्यांत गॅरेजे, गोदामे, टायरची दुकाने आणि कामगारांच्या राहण्याच्या इमारती दाटीने उभ्या आहेत. गाडीचा एसी आणि रेडिएटर तपासायचा, टायर बदलायचे, ओढायचा दोर आणि हवा भरायचा पंप घ्यायचा. खोर अल अदैदला जाताना वाळूत शिरण्याआधी टायरमधली हवा निम्म्यावर आणावी लागते, नाहीतर गाडी रुतते. म्हणून पंप हवाच.

पण या वर्षी त्यांनी मला गाडीबद्दल काही विचारले नाही. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, प्रत्येक गटात एकजण तरी विचारतो, हे सगळं बांधलं कुणी? आणि ते लोक राहतात कुठे? काय सांगू?"

हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे, म्हणून तो इथे आणला.

पहिल्या भागाचे उत्तर जुने आहे. तेल निघण्याआधी कतार जगत होता मोत्यांवर, आणि ते मोती विकले जात मुंबईच्या बाजारात. इथे चलनही आपलेच, रुपयाचे. ते १९६६ पर्यंत चालले. मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारणाऱ्यांत गुलाम होते. कतारमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली १९५२ साली. हा इतिहास इथे लपवलेला नाही. मशैरिबमध्ये २०१५ पासून बिन जेलमूद हाऊस हे गुलामगिरीवरचे म्युझियम आहे. शेजारच्या कंपनी हाऊसमध्ये पहिल्या तेल कामगारांची हकिगत मांडली आहे. तरीही घाईच्या सहलीत सूक झाला की गाडी थेट पर्लकडे वळते.

दुसऱ्या भागाचे उत्तर कायद्यात सापडते. २०१० च्या १५ क्रमांकाच्या कायद्याने कुटुंबांच्या वस्तीत कामगारांची निवासस्थाने ठेवायला बंदी घातली. कामगार शहराच्या नकाशाच्या कडेला गेले, ते आपोआप नव्हे. १७ मार्च २०२० ला कोविडमुळे इंडस्ट्रियल एरियातल्या १ ते ३२ नंबरच्या गल्ल्या बंद केल्या गेल्या, तेव्हा ही कड किती ठळक आहे ते सर्वांना दिसले.

आता थोडे माझ्या सवयीचे, म्हणजे मोजमापाचे. पर्यटक ज्या महिन्यांत येत नाहीत, त्या महिन्यांतही बांधकाम चालू असते. २०२१ च्या नियमाप्रमाणे १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी ३:३० उघड्यावर काम बंद असते. शिवाय उष्णता, दमटपणा, ऊन आणि वारा एकत्र मोजणारा निर्देशांक ३२.१ च्या वर गेला, तर कोणत्याही वेळी काम थांबवायचे असते. हा नियम का लागला? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २००९ ते २०१७ मधले नेपाळी कामगारांचे तेराशेहून अधिक मृत्यू तपासले होते. त्यांतले ५७१ हृदयविकाराचे म्हणून नोंदलेले. उष्णतेपासून योग्य संरक्षण असते तर त्यांतले २०० पर्यंत मृत्यू टळू शकले असते, असा लेखकांचा निष्कर्ष होता.

बदल झाले हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. २०२० च्या कायद्यांनी नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली. मार्च २०२१ पासून किमान वेतन १००० रियाल झाले. जेवण आणि निवास मालकाने दिला नाही तर त्यासाठी ३०० आणि ५०० वेगळे. पण राहण्याचा परवाना अजून मालकाशीच बांधलेला आहे. आपल्या गाईडचाही. म्हणून "धीट व्हा, सगळे बोला" असा सल्ला वातानुकूलित खोलीत बसून देणे मला पटत नाही.

मग गटाला इंडस्ट्रियल एरियातच न्यावे का? काहींनी तसे सुचवले. धारावीतही सहली निघतात, पण तिथल्या एका नावाजलेल्या सहलीत फोटो काढायला मनाई आहे, आणि ती मनाई योग्यच आहे. इथे तर अडचण त्याहून मोठी. ज्याच्या खोलीत आपण डोकावणार, त्याला "नको" म्हणायची सोय नाही. दिवसभर राबून आलेला माणूस हे प्रेक्षणीय स्थळ नव्हे. माझे मत स्पष्टपणे "नेऊ नये" असे आहे.

पण गप्प बसणे हा त्याला पर्याय नाही. मी त्यांना तीन गोष्टी सुचवल्या. मशैरिबची दोन्ही घरे सहलीत घ्यावीत. ती सरकारमान्य आहेत, तिथे प्रश्न विचारला तर कुणाची नोकरी जात नाही. दुसरे, उत्तर देताना मत न सांगता सन आणि कायदा सांगावा. तिसरे, "बांधलं कुणी" याचे उत्तर देशांच्या नावांनी द्यावे: नेपाळ, भारत, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका, फिलिपिन्स. एका इमारतीला एकाच आर्किटेक्टचे नाव पुरत नाही.

आपल्या मंचासमोर माझा प्रस्ताव साधा आहे. नोव्हेंबर लागण्याआधी ही माहिती पडताळून तिची दोन पानांची टाचणे मराठी, हिंदी आणि इंग्रजीत तयार करू. गाईड लोकांना ती वाटू, आणि आपल्या घरी येणाऱ्या पाहुण्यांना शहर दाखवताना आपणही वापरू. गाईडकडून आपण जे अपेक्षितो, ते आधी स्वतः करायला काय हरकत आहे? त्यांची नोकरी पणाला लागू शकते. आपल्यापैकी बहुतेकांची लागत नाही.

चर्चेत आपली मते जरूर मांडा.