माहितीचा हक्क कागदावर ठेवू नका



मी सूतगिरणीतला कामगार. कॉलेजची पायरी चढलो नाही. पण गिरणीने एक शिकवले. पगारपत्रक वाचल्याशिवाय सही करायची नाही. हजेरी किती भरली, कपात किती झाली, आपणच बघायचे. सरकारचा हिशेबही असाच बघायला पाहिजे. तो आपल्याच नावाने लिहिलेला असतो.

राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेच्या गोरगरिबांनी हेच केले. १९९४ पासून त्यांनी जनसुनावण्या घेतल्या, सरकारी कामांची हजेरीपत्रके गावासमोर वाचली. खोटी नावे उघडी पडली. १९९६ साली ब्यावरला ४० दिवस धरणे धरले. महाराष्ट्रात २००२ साली कायदा झाला, आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा माहिती अधिकार कायदा लागू झाला.

१० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, साधा अर्ज द्या. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही. माहिती कशाला पाहिजे, हे सांगायचे बंधन नाही. लिहिता येत नसेल तर अर्ज लिहायला मदत करणे हे जन माहिती अधिकाऱ्याचे कामच आहे. ३० दिवसांत उत्तर नाही आले तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करा.

मात्र "माझे घरकुल का नाही?" असे भांडण अर्जात लिहू नका. 'रमाई आवासची मंजूर यादी, निवडीचे निकष आणि माझ्या अर्जावरचे शेरे यांच्या प्रती द्या,' असे मागा. प्रश्नाला बगल देता येते, कागदाला देणे अवघड जाते.

आता सातबारा आणि रेशनचा तपशील मोबाईलवर दिसतो. कायद्याचे कलम ४ तर म्हणते, योजना आणि खर्चाची माहिती कार्यालयाने न मागताच जाहीर करावी. पण वाचणारा नसेल तर जाहीर करून काय उपयोग?

सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही तो मानला. तरी चवदार तळे कागदावरच खुले राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब लोकांना घेऊन गेले, ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावात जीव आला.

म्हणून समितीला माझी विनंती आहे. दर पौर्णिमेला वंदना झाल्यावर आपली दोन शिकलेली पोरे-पोरी इथे अर्ज लिहून द्यायला बसवा. आलेले उत्तर सर्वांसमोर वाचा. मुरुमच्या नगर परिषदेत एकट्याने जायला माणूस बिचकतो, चौघे मिळून गेलो की बिचकत नाही.

जयभीम! जय भारत!