‘पास’ या शब्दाविषयी थोडेसे

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपण बाहेरून कुणीतरी विदुषी बोलावतो. यंदा कार्यवाहताईंनी ठरवले की आपल्यातल्याच एकीने बोलायचे. चिठ्ठ्या टाकल्या आणि नेमकी माझ्या नावाची निघाली. मी सातवी शिकलेली बाई. लोणच्याचे प्रमाण विचारले असते तर तासभर बोलले असते. पण भाषण म्हटल्यावर हातपाय गार पडले. विषय शोधण्यातच आठ दिवस गेले. शेवटी एके दिवशी हरभरे निवडायला घेतले असताना मनाशी एक खेळ केला. ‘पास’ हा इंग्रजी शब्द दिवसभरात घरात किती वेळा कानावर पडतो ते मोजायचे; एकदा ऐकला की एक हरभरा वाटीत. रात्री निजण्यापूर्वी पाहिले तो वाटीत चौदा हरभरे!

सकाळी सासूबाईंनी विचारले, “पासबुक भरून आणलंस का गं?” दूधवाला दारातून सांगून गेला, “वहिनी, म्हशीचं कर्ज पास झालं.” आमच्या घरातील मंडळींनी जुनी गाडी बघून ठेवली आहे, ती ‘एम. एच. ११ पासिंग’ म्हणजे साताऱ्याची, तेव्हा ‘एम. एच. १०’ करायला किती खर्च येईल, यावर न्याहारीभर चर्चा झाली. धाकट्याने अंगणातून चेंडूसाठी “पास दे, पास दे” म्हणून गल्ली डोक्यावर घेतली. वरच्या मजल्याचा नकाशा अजून पास व्हायचा आहे. दुपारी वन्सं आल्या, त्यांच्या धाकट्या जावेला बघायला पाहुणे आले होते. मी विचारले, “मग?” त्या म्हणाल्या, “मुलगी पास!” संध्याकाळी शेंगदाणे भाजले तर मुलगी म्हणाली, “आई, टाइमपासला बरं झालं.” आणि रात्री आमटी चाखून मामंजींनी मान डोलावली, “पास!”

आता बघा, कर्ज, गाडी, नकाशा, मुलगी आणि आमटी, सगळ्यांना एकच शब्द. पूर्वी कर्ज मंजूर होई, मुलगी पसंत पडे, ठराव संमत होई आणि आमटी नुसती चांगली होई. एवढ्या शब्दांना रजा देऊन हा एकटा घरात ठाण मांडून बसला आहे. मला याचा राग नाही. टेबल आले, कप आला, तसा हाही आला. पण मुलीला ‘पसंत’ म्हणण्यात समोरच्याची आवड तरी दिसते. ‘पास’ म्हटले की तिची परीक्षाच घेतल्यासारखे होते. माझ्या वेळीही कांदेपोहे झाल्यावर ओसरीवरून हाच शब्द आत आला होता. तेव्हा मला तो फार गोड लागला होता, हेही खरे सांगते.

काही जणींना वाटेल, ‘पास’ आपल्याकडेही आहे की. आहे ना. ‘देवापाशी’, ‘घरापासून’ यांतला ‘पास’ संस्कृत ‘पार्श्व’ शब्दावरून आला. पार्श्व म्हणजे बाजू, कूस. वखराला जे लोखंडी पाते असते त्यालाही पुष्कळ ठिकाणी पास म्हणतात. हे आपले घरचे. त्यांचा आणि इंग्रजी ‘पास’चा काही संबंध नाही, दिसायला सारखे एवढेच. माझ्या माहेरी वाईहून पाचगणीला चढणारा पसरणीचा घाट आहे. घाटालाही इंग्रजीत ‘पास’ म्हणतात हे कळल्यावर मी घाईने ठरवून टाकले की पसरणी त्यावरूनच आले असणार! आमच्या शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाई पोट धरधरून हसल्या. ते गावाचे नाव आहे.

या बाईंच्या घरी एक जाडजूड इंग्रजी कोश आहे. मी त्यांच्याकडे हल्ली बरीच जाते. का जाते ते पुढे सांगेन. त्यांनी त्यातून मला वाचून दाखवले ते ऐकून मी थक्क झाले. ‘पास’ या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे, ‘पासुस’. पासुस म्हणजे पाऊल. चालताना टाकलेले पाऊल, दुसरे काही नाही. त्यावरून फ्रेंच लोकांनी ‘जाणे, ओलांडणे’ असा शब्द केला आणि तो इंग्रजांनी उचलला. डोंगरातून पाऊल टाकायला जिथे वाट मिळते तो पास, म्हणजे आपली खिंड. जो जातो तो पॅसेंजर. वेशीतून किंवा बंदरातून जाऊ द्यावे असा कागद तो पासपोर्ट. वेळ नुसती जाऊ द्यायची तो टाइमपास.

रोमन लोक डावे आणि उजवे मिळून एक पासुस धरीत. असे हजार पासुस झाले की एक मैल. मैल या शब्दातच ‘हजार’ आहे. त्यांचा मैल आजच्या मैलापेक्षा थोडा आखूड, सुमारे दीड किलोमीटरचा. म्हणजे रस्त्याकडेचा मैलाचा दगडही पावलांनीच मोजून बसवलेला. याहून गंमत म्हणजे मुलांची कंपासपेटी! ‘कंपास’मध्येही तोच पासुस दडला आहे, पावलांनी अंतर मोजणे असा त्याचा मूळ अर्थ. कर्कटक कागदावर पाय फाकून कसा उभा राहतो ते डोळ्यांपुढे आणा. मी त्या पेट्या शाळा उघडताना दोन मुलांसाठी इतकी वर्षे घेतल्या, पण त्यात पाऊल आहे हे कधी लक्षात आले नाही.

मी बाईंना म्हटले, “आपला शब्द ‘उत्तीर्ण’, तो कुठला?” त्या म्हणाल्या, “तो पाण्यातला. तरणे, तारू, त्यांचाच भाऊ. पाणी ओलांडून पलीकडे निघालेला तो उत्तीर्ण.” कृष्णाकाठच्या बायकांना हे निराळे समजावून सांगायला नको. वाई तालुक्यातले माझे माहेरही कृष्णाकाठचे आणि सांगलीचे सासरही. लहानपणी उन्हाळ्यात नदीला उतार पडला की आम्ही परकर वर धरून पलीकडच्या मळ्यात जात असू. मधेच पाय घसरे, कुणीतरी हात धरी, पुन्हा चालू. मधे घसरली म्हणून कुणी तिला नापास म्हणत नसे.

हा ‘नापास’ शब्दही बघण्यासारखा आहे. नाराज, नालायक, नापसंत यांतला ‘ना’ फारशी, ‘पास’ इंग्रजी, आणि दोघांचे लग्न लागले आपल्या मांडवात. इंग्रजाला तो कळायचा नाही. गेल्या काही वर्षांत दहावीच्या गुणपत्रिकेवरून हा शब्द काढला, ते मला बरे वाटले. पण कागदावरून गेला तरी लोकांच्या तोंडून कुठे जातो? त्यापेक्षा आपल्या बोलण्यातला जुना प्रकार मला आवडतो. आपण म्हणतो, “त्याचं गणित राहिलं.” राहिले, म्हणजे अजून व्हायचे आहे.

आता माझ्या सातवीबद्दल. पूर्वी सातवीची फायनल पास झालेला माणूस प्राथमिक शाळेत मास्तर होत असे. माझ्या वेळी, म्हणजे १९९३ साली, सातवीला तसे वजन उरले नव्हते. मी चांगल्या गुणांनी पास झाले. आमच्या गावची शाळा तेवढ्यावरच संपत होती. हायस्कूल आठ किलोमीटरवर. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली ती शाळा खेड्यापाड्यांतल्या पोरांच्या दारी यावी म्हणून. पण प्रत्येक गावात कोण पुरा पडणार? त्या आठ किलोमीटरसाठी एस. टी. चा पास काढावा लागे. सवलत होती, तरी दर महिन्याला रोख पैसे भरायचे असत. दादा दहावीत होता, त्याचा पास आधीपासून चालू होता. त्या जूनमध्ये अण्णा ओसरीवर बसून आईला म्हणाले, “एका घरात दोन पास परवडायचे नाहीत.” आवाज चढवून नव्हे, अगदी हळू म्हणाले. मी चुलीपाशी होते. मला ऐकू गेले हे त्यांनाही कळले. पुढे कुणी काही बोलले नाही आणि मी शाळेत गेले नाही.

अण्णांना मी दोष देत नाही. त्या वर्षी आले कवडीमोल गेले होते. दादाचा पास प्लास्टिकच्या पाकिटात असे; तो आंघोळीला गेला की मी काढून बघत असे. त्यावर त्याचा फोटो आणि खाली शिक्का. पुढे १९९६ च्या सुमारास सरकारने अहिल्याबाई होळकरांच्या नावाने योजना आणली आणि खेड्यातल्या मुलींना शाळेसाठी एस. टी. चा पास मोफत झाला. माझी धाकटी चुलतबहीण त्या पासावर दहावीपर्यंत शिकली. ती पहिल्या दिवशी पास दाखवायला आमच्या दारात आली तेव्हा मी पंधरा वर्षांची होते, शेण कालवत होते. हात धुऊन तो हातात घ्यावा असे वाटले, पण घेतला नाही.

आपण आता एस. टी. त अर्धे तिकीट काढतो, २०२३ सालच्या मार्चपासून. मागे आपण काही जणी औदुंबरला गेलो तेव्हा कुणीतरी म्हणाले, “सरकारनं बायकांना फुकट सवयी लावल्या.” मी तेव्हा गप्प बसले. आज सांगते, की बाईच्या प्रवासाचे पैसे घरात सगळ्यांत शेवटी निघतात, हे ज्याने बघितले आहे तो असे म्हणणार नाही.

सातवी शिकलेले म्हटले की सांगलीत लगेच वसंतदादा पाटलांचे नाव निघते. त्यांचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचेच. २४ जुलै १९४३ रोजी ते साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, गेटपास वगैरे न घेता! गोळी लागली, तरी वाचले. १९७७ साली मुख्यमंत्री झाले. १९८३ साली पुन्हा मुख्यमंत्री असताना विनाअनुदान इंजिनिअरिंग कॉलेजांना त्यांनीच वाट करून दिली. ही गोष्ट मला आमच्या घरी दर वेळी सांगतात. चांगली आहे. पण दादांच्या सातवीने माझी सातवी झाकत नाही. अंगणवाडीत मदतनीस व्हावे असे माझ्या मनात होते, तेव्हा जाहिरातीत बारावी मागितली होती. बचत गटाच्या अर्जावर ‘शिक्षण’ या रकान्यात ‘७ वी पास’ लिहिताना माझे अक्षर आपोआप बारीक होते.

तर शिक्षिकाबाईंकडे मी का जाते ते आता सांगते. मंडळात हे कुणाला ठाऊक नाही. बाहेरून दहावीला बसायला १७ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. तो मी भरला होता. शाळा सोडल्याचा दाखला आणायला माहेरी गेले तेव्हा गुरुजींनी जुने रजिस्टर काढले, त्यात माझे नाव होते. यंदा परीक्षेला बसले. हॉलमध्ये पर्यवेक्षक माझ्याकडे बघून म्हणाले, “पालकांनी बाहेर थांबावे.” मी त्यांना हॉलतिकीट दाखवले. निकाल लागला. मराठी, हिंदी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र सगळे निघाले. गणितात तर मुलीपेक्षा मला जास्त आनंद झाला, तिला नाही. इंग्रजीत एकोणतीस. पस्तीसला सहा कमी.

पंधरा दिवस मी कुणाला बोलले नाही. मंडळात येऊन भजन म्हणायची आणि घरी जायची. सासूबाईंनी मात्र ओळखले. त्यांनी विचारले, “काय झालं?” मी म्हटले, “इंग्रजी राहिलं.” त्या म्हणाल्या, “राहिलं तर राहिलं. भाकरी तव्यावर राहिली तर आपण उलटतोच ना?” आणि उठून त्यांनी त्या दिवशीचा स्वयंपाक केला. गुडघे दुखत असताना.

फेरपरीक्षेचा फॉर्म भरून झाला आहे. बाई मला मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी चार वाजता शिकवायला तयार आहेत; त्यांना दुसरी वेळ नाही. मंगळवारी आपले भजन चारलाच असते आणि पेटी माझ्याकडे आहे. म्हणून अध्यक्षीणबाईंना विनंती, की परीक्षा होईपर्यंत मंगळवारचे भजन पाच वाजता ठेवावे. हा ठराव आजच्याच सभेत मांडते. पास करायचा, मंजूर करायचा की संमत करायचा, ते तुम्ही ठरवा. मला चार ते पाच मोकळे पाहिजेत.