पोरांत काम करायचे, तर शिकायचे काय?



परवा एका गृहस्थांनी आम्हांस वाटेत गाठले. "मुलगी बी. ए. झाली. म्हणते, पोरांत काम करीन. त्यासाठी पुन्हा शिकायचे ते काय?" प्रश्न रास्त आहे. मायेला पदवी लागत नाही, असेच आपण समजत आलो.

पण बाल न्याय मंडळ पाहा. २०१५ च्या कायद्याने तेथे दंडाधिकाऱ्याशेजारी दोन समाजकार्यकर्ते बसतात. त्यांत एक तरी स्त्री असावीच लागते. सोळा वर्षांच्या पोराने चोरी केली, तर त्याला घरी धाडावे की नाही, याचा विचार त्यांनी करायचा. त्याआधी कोणीतरी त्याच्या घरची पाहणी करून अहवाल द्यायचा. न बोलणाऱ्या पोराला बोलते करणे नुसत्या कणवेने साधत नाही.

हे शिकवतो तो दोन वर्षांचा एम. एस. डब्ल्यू. मुंबईस टाटा संस्थेत हे शिक्षण १९३६ सालापासून मिळते, पुण्यास कर्वे समाज सेवा संस्था १९६३ साली निघाली. वर्गाबरोबर वस्तीत, संस्थेत क्षेत्रकार्य करावे लागते. आमच्या मते खरे शिक्षण तेच. मानसशास्त्राचे एम. ए. निराळे. केवळ तेवढ्यावर चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून नोंदणी होत नाही, आणि हे प्रवेशाआधी सांगणारे थोडे!

"पगार?" गृहस्थांनी विचारलेच. बेताचा, आम्ही म्हटले. आधी महिनाभर तिला एखाद्या वस्तीतल्या अभ्यासिकेत जाऊ द्या. टिकली, तर अर्ज भरा.