विमानाच्या बरगड्या



व्याख्यानमालेच्या पत्रकात ‘लढाऊ विमान’ हे शब्द वाचून काही मंडळी युद्धकथा ऐकावयास आली असतील, तर त्यांची आरंभीच क्षमा मागितलेली बरी. ज्या विमानाविषयी आम्ही बोलणार आहोत ते प्लॅस्टिकचे होते. त्याचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत पावणेसात इंचांहूनही किंचित कमी भरत, आणि ते तळेरे येथील आमच्या घराच्या पडवीत, १९७९ च्या पावसाळ्यात तयार झाले. आम्ही दोघे भाऊ तेव्हा हायस्कुलात होतो. आजही ‘आम्ही’ म्हणतो ते थोरपणासाठी नव्हे. त्या उद्योगातील निम्मा वाटा धाकट्याचा आहे म्हणून.

तळेरे आपणां सर्वांना ठाऊक आहे ते तिठ्याचे गाव म्हणून. मुंबई-गोवा रस्त्याला येथेच एका बाजूने विजयदुर्गाचा रस्ता मिळतो आणि दुसऱ्या बाजूने गगनबावड्याच्या घाटातून कोल्हापूरचा. सिंधुदुर्ग जिल्हा अद्याप व्हावयाचा होता. तो १९८१ च्या मे महिन्यात झाला. आमचा एक आतेभाऊ मालवाहू बोटीवर खलाशी होता. कोकणातल्या घरी बोटीवरचा माणूस सुटीवर आला की साबण, बॅटरी, छत्री असे काही ना काही निघावयाचेच. त्या वर्षी त्याच्या पेटीतून पुठ्ठ्याचा एक खोका निघाला. वर इंग्लंडच्या आकाशात झेपावणारे हरिकेन जातीचे विमान, आणि आत प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटलेले चाळीसपन्नास बारीक भाग.

आमच्या मुलखाला लाकडी खेळणी नवीन नाहीत. सावंतवाडीचे चितारी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची फळे, भाज्या, पाट आणि बाहुल्या करतात, आणि त्यांना रंगाच्या बाबतीत कोणी शिकवावयास नको. पण खेळणे आणि नमुना यांत एक भेद आहे. खेळण्यातला आंबा हा कोणताही आंबा असतो. नमुन्यातले विमान मात्र अमुकच विमान असावे लागते, आणि ते अमुकच का, हे करणाऱ्याला सांगता आले पाहिजे. हा भेद आम्हांला तेव्हा मुळीच ठाऊक नव्हता.

त्या खोक्यावर ‘एकास बहात्तर’ असे प्रमाण छापले होते. हा चमत्कारिक आकडा कोठून आला? सहा फुटांचे इंच बहात्तर. तेव्हा या प्रमाणात सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो, आणि चाळीस फूट पंखांचे हरिकेन तळहातावर येते. इंग्लंडात १९३२ च्या सुमारास ‘स्कायबर्ड्स’ नावाच्या लाकडी संचांनी हे प्रमाण रूढ केले. १९३६ पासून ‘फ्रॉग’ने त्याच मापात प्लॅस्टिकचे संच काढले. महायुद्धात याच प्रमाणाला फार गंभीर काम पडले. अमेरिकेच्या नौदलाने १९४२ साली शाळांतील मुलांकडे पाच लाख लाकडी विमाने मागितली. ती काळी रंगवून तोफखान्यावरील आणि टेहळणीवरील माणसांपुढे धरीत आणि विचारीत : हे आपले की शत्रूचे? उत्तर चुकले तर पुढे खरोखरीच्या आकाशात आपलाच माणूस मरावयाचा. हा प्रश्न ध्यानात असू द्या. तो आमच्या पडवीतही यावयाचा आहे.

खोका उघडला आणि पहिलीच अडचण उभी राहिली. चिकटवण्याच्या द्रावणाची नळी प्रवासात सुकून दगड झाली होती. खळ लावून पाहिली, पोस्टातला डिंक लावून पाहिला. प्लॅस्टिक त्याला दाद देईना. अखेर हमरस्त्यावरच्या गॅरेजात ट्रक रंगवणाऱ्या कारागिराने युक्ती सांगितली. थिनरमध्ये प्लॅस्टिक विरघळते, तेव्हा त्या चौकटींचेच तुकडे थिनरच्या बाटलीत टाकून दोन दिवस ठेवायचे. त्याचा दाट पाक झाला, आणि त्याने पंख धडाला असे काही जडले की जणू मूळचेच एक होते. (वैमानिकाच्या डोक्यावरील पारदर्शक झाकणही आम्ही त्याच पाकाने बसवले, आणि ते मोतीबिंदू झाल्यासारखे पांढरे पडले. आमचा वैमानिक आजतागायत धुक्यातच उडतो आहे.)

आता आम्हांला सफाईची बाधा झाली. विमानाच्या पाठीमागच्या भागावर, वैमानिकाच्या बैठकीपासून शेपटीपर्यंत, उभ्या बारीक रेषा उठलेल्या होत्या. तो साच्याचा दोष असावा असे आम्ही ठरवले आणि एका रविवारी दुपारभर पॉलिश कागद घासून ते अंग आरशासारखे गुळगुळीत केले. त्या कामाचा आम्हांला फार अभिमान वाटला.

आमचे थोरले चुलते, ज्यांना घरात सारे तात्या म्हणत, त्या दिवसांत ओटीवर आरामखुर्चीत बसून असत. १९४२ साली मुंबईत जाऊन ते हवाई दलात रिगर म्हणून, म्हणजे विमानाच्या अंगाची डागडुजी करणारा कारागीर म्हणून, भरती झाले होते, एवढेच आम्हां मुलांना माहीत. लढाईविषयी ते बोलत नसत आणि विचारण्याची कोणाची छाती नव्हती. खोक्यावरील चित्र त्यांना दाखवले तेव्हा त्यांनी ‘बरां आसा’ म्हणून ते परत दिले होते. पण त्या रविवारी संध्याकाळी पाऊस कोंडला होता, वीज गेली होती, आणि थिनरचा वास पडवीतून ओटीवर गेला. तात्या काठी टेकीत आले.

“ह्यो वास खंयसून येता रे?”

आम्ही बाटली दाखवली. ती त्यांनी नाकाशी धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. मग विमान उचलून त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला.

“हेच्यो बरगड्यो खंय गेल्यो?”

तेव्हा आम्हांला कळले की आम्ही विमान साफ केले नव्हते, त्याच्या बरगड्या खरवडल्या होत्या. सिडनी कॅम यांनी रेखलेले हरिकेन ६ नोव्हेंबर १९३५ रोजी प्रथम उडाले. ते जुन्या आणि नव्या युगांच्या सांध्यावरील विमान. पुढचा भाग धातूच्या पत्र्याचा, पण मागचा म्हणजे धातूच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या, आणि त्यावर ताणून बसवलेले लिननचे कापड. कापडाखालून त्या पट्ट्यांच्या रेषा दिसतात. त्याच आम्ही घासल्या. कापडावर ‘डोप’ नावाचे रोगण चढवीत. ते वाळताना कापड आक्रसून पखवाजाच्या पुडीसारखे ताठ होई, आणि त्याचा वास थेट आमच्या बाटलीतल्यासारखा. स्पिटफायरचे अंग सगळे पत्र्याचे, त्याला गोळी लागली तर पत्र्याचे जाणते कारागीर हवेत. हरिकेनला मागे भोक पडले तर सुई, दोरा, कापडाचा तुकडा आणि डोप एवढ्यावर सकाळपर्यंत काम होई. तात्या म्हणाले, आम्ही कसले रिगर, आम्ही शिंपीच होतो.

हिंदी हवाई दलाच्या पथकांना बर्माच्या आघाडीवर हीच विमाने मिळाली होती. अर्जन सिंग यांचे पहिले पथक १९४४ साली इंफाळच्या वेढ्यात हरिकेनवर लढले. मेहर सिंग यांचे सहावे पथक आराकानच्या बाजूस टेहळणी करी, आणि त्याला चौदाव्या सेनेचे डोळे म्हणत. वैमानिकांची ही नावे पुस्तकांत आहेत आणि ती असावयासच हवीत. रात्री कंदिलाच्या उजेडात ठिगळे लावणाऱ्यांची नावे आम्हांला कोठे आढळली नाहीत.

तात्यांनी त्या रात्री दुसरीही एक चूक दाखवली. खोक्यात, पाण्यात भिजवून सरकवायची चित्रे होती. त्यांत पंखांवर डकवायची निळी-पांढरी वर्तुळे, मधोमध तांबडा ठिपका. “तो तांबडो टिळो आधी काढ,” तात्या म्हणाले. “बर्म्यात तांबडो म्हणजे जपानी.” जपानी विमानांवर तांबडा सूर्य असे. घाईच्या क्षणी खालच्या तोफवाल्याला तांबडे काही दिसले की तो घोडा दाबी. म्हणून त्या आघाडीवर आपल्या विमानांवरील तांबडा रंग काढून नुसता गडद आणि फिका निळा ठेवला गेला. अमेरिकनांनीही त्यांच्या ताऱ्यातला तांबडा ठिपका १९४२ च्या मे महिन्यात पुसला. खोका इंग्लंडच्या आकाशासाठी खरा होता, इंफाळसाठी नव्हे.

तेव्हा पुन्हा आरंभ. श्रावण लागला होता आणि गणपतीची शाळा सुरू झाली होती. मूर्तिकाराने डोळे आखावयाची कुंचली एका रात्रीपुरती दिली, आणि तिने आम्ही ते तांबडे ठिपके फिकट निळ्याने झाकले. बरगड्यांना अधिक वेळ लागला. रिकाम्या चौकटीची काडी रॉकेलच्या चिमणीवर धरली की मधोमध मऊ पडते. नेमक्या क्षणी दोन्ही टोके ओढली तर केसासारखा धागा निघतो. क्षणभर आधी ओढली तर तुटते, क्षणभर उशिरा ओढली तर पेट घेते. धाकट्याचा हात यात बसला. ते धागे मापाने कापून, पाकाने एकेक करून पाठीवर बसवावयाचे. किती बसवायचे ते तात्या सांगत, डोळे मिटून, बोटांनी हवेत मोजून.

शेवटच्या रंगाच्या दिवशी त्यांनी शेपटीपुढे डाव्या बाजूस बोट ठेवले आणि म्हणाले, “हयसर एक ठिगळ लाव.” कशाला, असे धाकट्याने विचारले. तेव्हा त्यांनी सांगितले ते थोडक्यात असे. एका रात्री त्यांनी तेवढ्याच जागी ठिगळ लावले होते. डोप पुरते वाळावयास हवे तितका वेळ नव्हता. हवेत दमट, वरून पाऊस. पहाटे विमान गेले आणि परत आले नाही. विचारणा झाली नाही, कोणी दोष दिला नाही. पस्तीस वर्षे त्यांच्या मनात एवढाच प्रश्न होता की ते ठिगळ सुटले काय.

पुढे आम्ही जमेल तेवढे वाचले. झाडांच्या शेंड्यांवरून उडणाऱ्या टेहळणीच्या विमानांना जमिनीवरून गोळ्या लागत. पावसाळ्यात ढगांत शिरलेली विमाने डोंगरावर आदळत. हातभर कापड सुटल्याने विमान पडण्यापेक्षा ही कारणे कितीतरी अधिक संभवनीय आहेत. पण हे आम्हांला समजले तोवर तात्या जाऊन काही वर्षे झाली होती. त्या दिवशी आम्ही दोघांनी फक्त वहीच्या कागदाचा नखाएवढा चौकोन कापला, चिकटवला आणि आजूबाजूच्या रंगाहून थोड्या उजळ रंगाने रंगवला. तात्यांनी तो उजेडाकडे धरून पाहिला, अंगठ्याने कडा दाबल्या, आणि विमान वाळेपर्यंत, चांगले दोन दिवस, कोणाला हात लावू दिला नाही.

ते विमान अजून घरी काचेच्या कपाटात आहे. पाहुण्यांची मुले येतात. त्यांना आता चिपीच्या विमानतळावर खरी विमाने पाहावयास मिळतात, तरी हे दिसले की ती थबकतात, आणि येथला रंग बिघडला आहे म्हणून त्या चौकोनाकडे बोट दाखवतात. आम्ही कपाट उघडून विमान त्यांच्या हातात देतो, आणि पाठीवरून अंगठा कसा फिरवायचा ते दाखवतो.