साच्यापलीकडचे संकेतस्थळ



येथे कस्तुरबा गांधी मार्गावर २०१३ साली महाराष्ट्र सदनाची नवी वास्तू खुली झाली आणि राजधानीत मराठी माणसाला हक्काचा आणखी एक उंबरठा लाभला. जे दिल्लीहूनही दूर आहेत, त्यांचा उंबरठा म्हणजे मंडळाचे संकेतस्थळ. २००३ साली अवतरलेल्या वर्डप्रेससारख्या साधनाच्या तयार साच्यातून ते सहज उभे राहते. साचा सोयीचा खरा. परंतु मराठीचे वळण त्याला ठाऊक नसते. मराठी आणि हिंदीची लिपी एक, तरी 'ल' आणि 'श' यांची घडण भिन्न. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी वळणाची रूपे प्रमाण ठरविली. पडद्यावर मात्र पुष्कळदा हिंदी वळणच उमटते.

उपाय अवघड नाही. सेटिंग्जमध्ये संकेतस्थळाची भाषा मराठी निवडावी. म्हणजे पानाच्या मुळाशी तशी भाषाखूण लागते. मराठी रूपे असलेला फॉन्ट योजला, तर ती खूण ओळखून तो आपला 'ल' दाखवितो. फॉन्ट, रंग आणि वेलांट्या-उकारांना पुरेल एवढे ओळींतील अंतर यांचे नियम सीएसएसमध्ये लिहावेत. मूळ साच्याच्या फायलींना हात लावू नये; नवी आवृत्ती येताच ते बदल पुसले जातात. त्यासाठी 'चाइल्ड थीम' नावाचा जोडसाचा करावा.

एवढा आग्रह कशासाठी? दूरदेशी वाढणारे मूल मराठी अक्षर अनेकदा पडद्यावरच पाहते. तेथे दिसेल तेच वळण त्याच्या हाती उतरेल. ते आपले असावे, एवढीच विनंती.