दोन जिवांचं पेव



गेल्या महिन्यात माण तालुक्यातला माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. आता तो प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. त्याची बायको सात महिन्यांची गरोदर. तपासणीत तिचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं आणि घर घाबरलं. सासूबाईंनी सुनेच्या ताटातलं दूध, तूप, शेंगदाण्याची चटणी सारं बंद केलं. "सर, हे बरोबर का?" असं तो विचारू लागला. मी काही डॉक्टर नव्हे, कॉलेजातला मास्तर. पण वाचून-विचारून जे कळलं ते आपणांपुढे ठेवतो.

सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं आपणांस ठाऊक आहेत. हळद आली की जमिनीखाली भरून ठेवायची, गरज पडली की काढायची. गर्भारपणी बाईचं शरीर हेच करतं. पहिले पाच-सहा महिने बाळाची भूक थोडी. त्या काळात आईच्या अंगावर चरबी साठते. पुढं बाळ झपाट्यानं वाढू लागतं, तेव्हा पेव उघडतं आणि चरबी रक्तात उतरते. म्हणून कोलेस्टेरॉल पाव ते निम्म्यानं वाढतं, ट्रायग्लिसराइड नावाची चरबी तर दुपटी-तिपटीवर जाते. आई बरंचसं या चरबीवर भागवते आणि रक्तातली साखर बाळासाठी राखते. केवढी ही काटकसर!

कोलेस्टेरॉल म्हटलं की आपल्याला हृदयविकारच आठवतो. पण शरीराच्या प्रत्येक पेशीचं आवरण बांधायला ते लागतं, वाढत्या बाळाच्या मेंदूला तर फारच. गर्भ टिकवणारा रस वार त्यापासूनच तयार करते. आणि या व्यवहाराला हिशेब आहे. पेशीला बाहेरून पुरेसं मिळालं की ती स्वतः बनवणं कमी करते. हा हिशेब उलगडणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टाइन या अमेरिकी डॉक्टरांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

आता आपल्याकडचीच गोष्ट. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्मतःचं वजन सरासरी २.७ किलो भरलं. इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं किडकिडीत खरी, पण कमी पडलं होतं ते मांस. कातडीखालची चरबी त्या मानानं शाबूत होती! असं मूल पुढं नुसतंच लठ्ठ झालं, तर मधुमेहाचा धोका वाढतो. ज्या आयांच्या जेवणात पालेभाजी, फळं, दूध वरचेवर होतं, त्यांची बाळं जन्मतः मोठी होती.

तेव्हा उणीव आहे ती चौरस आहाराची. भाकरीबरोबर डाळ-उसळ, मेथी-शेपूची भाजी, मूठभर शेंगदाणे, दूध, चालत असल्यास अंडं. "बाळ मोठं झालं तर बाळंतपण अडेल" म्हणून सुनेला अर्धपोटी ठेवू नका. मात्र मधुमेह, रक्तदाब असेल, घराण्यात कोलेस्टेरॉलचा विकार असेल किंवा चरबीचे आकडे फारच चढले असतील, तर डॉक्टर सांगतील तेच पथ्य. एरवी बाळंतपणानंतर काही महिन्यांनी पुन्हा तपासलं की खरा आकडा कळतो.

विद्यार्थ्याला मी म्हटलं, "तो कागद डॉक्टरांना दाखव आणि आईला सोबत ने. सूनबाईचं ताट रिकामं करण्याआधी त्यांनीही ऐकू दे." तो आईला घेऊन गेला. परवा त्याचा निरोप आला: शेंगदाण्याची चटणी ताटात परत आली आहे आणि ती सासूबाईच कुटतात.