फुप्फुसातली हाळी

रात्री शेतात रानडुकरे शिरली, तर माळ्यावरचा राखणदार एकटा काय करील? तो आधी हाळी देतो. ती ऐकून शेजारपाजारचे धावून येतात, तेव्हा कुठे पीक वाचते. आपल्या फुप्फुसातही अशीच हाळी दिली जाते. क्षयरोगाच्या बाबतीत तर तिच्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली दाखवून दिला. रोग्याच्या खोकल्यातून हवेत आलेला हा जंतू आपल्या श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जातो. तिथे राखणीला भक्षकपेशी असतात. त्या जंतूला गिळतात खऱ्या. पण हा गडी मोठा चिवट! पेशीच्या पोटातही तो जिवंत राहतो आणि वाढतो.

मग पेशी हाळी देते. ही हाळी आवाजाची नव्हे, रसायनांची. या निरोप्या रसायनांना सायटोकाइन म्हणतात. निरोप मिळताच टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी येतात व इंटरफेरॉन-गॅमा हे रसायन सोडतात. त्याने भक्षकपेशीला बळ चढते आणि ती पोटातल्या जंतूला मारू लागते. दुसरा निरोप्या म्हणजे ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, थोडक्यात टीएनएफ. त्याच्या जोरावर पेशी जंतूंभोवती दाट कडे करून उभ्या राहतात. सगळेच जंतू मरतात असे नाही. पण कोंडले जातात. म्हणूनच जंतू शरीरात शिरलेल्या दहांपैकी सुमारे नऊजण जन्मभर आजारी पडत नाहीत.

हे कशावरून, असे आपण विचाराल. आमवातात हाच टीएनएफ सांध्यांत वाजवीपेक्षा वाढतो आणि सांधे सुजतात. त्याला आवरणारे इन्फ्लिक्सिमॅब हे औषध निघाले, रोग्यांना आराम पडला. पण २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात, हे औषध घेणाऱ्या ७० जणांना क्षय झाल्याची नोंद आली. त्यांतल्या बहुतेकांना तो काही महिन्यांतच झाला होता. हाळी थांबली, कडे ढिले पडले, कोंडलेला जंतू बाहेर आला! तेव्हापासून अशी औषधे देण्यापूर्वी क्षयाची तपासणी करतात.

मग हाळी जितकी मोठी तितके बरे काय? छे! डुकरे हाकलायला निघालेल्या गर्दीनेच उभे पीक तुडवावे, तसे होते. निरोप अति झाले की सूज वाढते, भक्षकपेशी स्वतःच फुटतात आणि फुप्फुसाला पोकळ्या पडतात. क्षयात फुप्फुस पोखरते, ते केवळ जंतूमुळे नव्हे. आपल्याच लढाईच्या धगीनेही.

ही हाळी बेताची राहावी, यासाठी आपल्या हाती काय आहे? उपासमार, मधुमेह आणि तंबाखूचा धूर यांनी राखण दुबळी होते. त्यांना आवर घालता येतो. घरात कुणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर बेडका तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. शिक्षकबंधुभगिनींनो, ही गोष्ट वर्गात जरूर सांगा. मुले ती घरी नेतील. आणि उपचार सुरू झाल्यावर बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. खोकला थांबला, तरी कड्याच्या आत शत्रू जागा असतो.